गोळी, गाणं आणि मधली शांतता: वाचकांचे प्रश्न

कमी खर्चातल्या हिंदी गुन्हेपटांच्या संगीताविषयी आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. काही निव्वळ रसिकांचे आहेत, काही स्वतः चित्रपट करायला निघालेल्यांचे.

‘सत्या’ची गाणी विशाल भारद्वाज यांची आणि पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचं. पैशांची चणचण असलेल्या चित्रपटात दोघांना कशासाठी घ्यायचं? (एक वाचक, मिरज)

कामं दोन आहेत आणि त्यांचा पैसाही वेगवेगळ्या खिशातून येतो. नव्वदच्या दशकात गाण्यांच्या जिवावर कॅसेट कंपनीकडून आगाऊ रक्कम मिळायची. चित्रपट पुरा व्हायच्या आत ऑडिओ हक्क विकले जायचे आणि त्या पैशांवर शूटिंगची पुढची खेप निघायची. म्हणजे गाणं पैसा आणायचं. पार्श्वसंगीत मात्र सगळ्यात शेवटी, तिजोरी रिकामी झाल्यावर, पैसा मागायचं. त्या काळातल्या कितीतरी स्वस्त मारधाडपटांत गाणी झकपक आणि बॅकग्राउंड दोन-तीन दिवसांत उरकलेलं दिसतं, त्याचं कारण हे.

३ जुलै १९९८ला आलेल्या ‘सत्या’नं हा क्रम मोडला. खरं तर दिग्दर्शक राम गोपाल वर्मा यांना सुरुवातीला गाणी ठेवायचीच नव्हती. मग गुलजारांचे शब्द आणि भारद्वाजांच्या चाली आल्या. ‘गोली मार भेजे में’ आजही ताजं वाटतं, कारण त्यासाठी कथा थांबत नाही. टोळी दारू पीत बसली आहे आणि तीच गाते आहे. ओरडणं, सूर सोडणं, एकमेकांवर कडी करणं हे सगळं त्या खोलीत खपून जातं. ‘गीला गीला पानी’ लताबाईंच्या आवाजात फार गोड आहे, पण आमच्या मते तिथे चित्रपट श्वास घ्यायला थांबतो आणि गुन्हेपटाला तो विसावा महागात पडतो.

चित्रपटाचा कणा चौटांच्या पार्श्वसंगीतात आहे. एकच सूत्र, म्हणजे छोटी सुरावट, वेगवेगळ्या वजनानं परत परत येतं आणि भिकू, सत्या आणि शहर यांना एका दोऱ्यात ओवतं. या पार्श्वसंगीताचा ‘सत्या: द साउंड’ हा स्वतंत्र अल्बम निघाला आणि चौटांना फिल्मफेअरचं पार्श्वसंगीताचं पारितोषिक मिळालं. हिंदीत पार्श्वसंगीत असं वेगळं विकायला ठेवणं त्या काळी नवलाचंच होतं.

आम्ही चार मित्र मिळून ९५ मिनिटांचा गुन्हेपट करतोय. संगीत आणि आवाज मिळून हाती ६ लाख रुपये आहेत. कसे वाटावेत? (एक वाचक, पुणे)

सगळ्यात आधी २ लाख फायनल मिक्सिंगसाठी बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. संवाद स्वच्छ करणं, फोली (पावलं, दारं असे नंतर वाजवून घेतलेले आवाज) आणि अ‍ॅम्बियन्स (जागेचा मागचा आवाज) यांना दीड लाख. उरलेले अडीच लाख संगीताला. हे आकडे उलटे वाटतील, पण स्वस्त गुन्हेपट संगीत कमी पडल्यानं क्वचितच बुडतो. संवाद ऐकू न आल्यानं मात्र हमखास बुडतो.

आता संगीत. ९५ मिनिटांपैकी ३० ते ३५ मिनिटांपेक्षा जास्त संगीत करू नका. गाणं एकच ठेवा आणि तेही प्रसंगातलं असू द्या: बारमध्ये, लग्नात, रिक्षात. एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं ठरल्यावर, दिग्दर्शक, संगीतकार आणि साउंड एडिटर यांनी एकत्र बसून, पडद्यावर टाइमकोड ठेवून, एकही संगीताचा तुकडा न लावता अख्खा चित्रपट पाहा. वहीत तीन रकाने आखा: संगीत कुठे सुरू, कुठे बंद, कशासाठी. तिसऱ्या रकान्यात ‘सीन लांबट वाटतो’ असं लिहावं लागलं, तर तिथे संगीत लावू नका, लॉक मोडून सीन कापा.

दोन सूत्रं आणि शहराच्या आवाजाचा एक पोत एवढा ऐवज पुरतो. प्रत्येक सूत्र तीन लयींत लिहून ठेवा: पाठलागाची, चालण्याची, मेल्यानंतरची. एकटा संगीतकार संगणकावर दिवसाला अडीच ते तीन मिनिटं नीट पुरी करू शकतो. म्हणजे ३३ मिनिटांना १२-१३ दिवस, वर दुरुस्तीला ३ दिवस. दिग्दर्शक ‘पाच दिवसांत होईल’ म्हणाला तर समजा की अर्धं संगीत तयार लूपचं, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या आयत्या तुकड्यांचं येणार.

खऱ्या वादकांसाठी एक दिवस ठेवा आणि दोघांनाच बोलवा. व्हायोलिनचा अख्खा ताफा सॅम्पलचाच (संगणकात साठवलेल्या सुरांचा) राहू द्या, पण वरची एकटी ओळ सारंगी, चेलो किंवा बासरीवर माणसाकडून वाजवून घ्या. कान त्या वरच्या ओळीच्या मागे जातो आणि खालचा सॅम्पल झाकला जातो. एकाच व्हायोलिनवादकाकडून ताफा उभा करायचा असेल तर सहा टेक घ्या, पण तीन एका व्हायोलिनवर आणि तीन दुसऱ्यावर, आणि माइक ३ फुटांवरून ६ फुटांवर हलवून. तसं केलं नाही तर सहा व्हायोलिनं ऐकू येत नाहीत, एकच व्हायोलिन पाण्याखाली वाजल्यासारखं येतं, कारण सहाही वेळा तोच हात, तोच कंप आणि तीच लाकडी पेटी असते.

हलगी वाजवणार असाल तर पावसाळ्यात ती उतरते. कातडं दमट झालं की कडकडाट जातो आणि नुसता थपथपाट उरतो. टेकच्या आधी शेकून घ्या आणि दर १५-२० मिनिटांनी पुन्हा तपासा. स्टुडिओत जाळ चालत नाही, म्हणून बाहेर शेकायची सोय आहे का ते आधी विचारा. गरम हवेचा ब्लोअर चालतो, फक्त लांबून आणि फिरवत धरायचा, एका जागी धरला तर कातडं तडकतं.

एक सूचना टेम्प ट्रॅकबद्दल, म्हणजे तात्पुरत्या संगीताबद्दल. रफ कटवर, म्हणजे चित्रपटाच्या कच्च्या जोडणीवर, एडिटर एखाद्या विदेशी चित्रपटाचं संगीत चिकटवतो, दिग्दर्शक ते महिनाभर ऐकतो आणि त्याला दुसरं काही आवडेनासं होतं. मग संगीतकारावर नक्कल करायची वेळ येते आणि कोर्टाची नोटीस यायला वाट मोकळी होते. पहिला रफ कट पाहून झाला की टेम्प काढून टाका.

गोळीबाराच्या सीनला जोरदार संगीत लावलं की गोळ्याच फुसक्या वाटतात. बंदुकीचा आवाज वाढवून पाहिला, तरी तेच. (एक वाचक, नाशिक)

आवाज वाढवायला वर जागाच उरलेली नाही, म्हणून वाढत नाही. गोळीच्या आवाजाचे तीन भाग असतात: सुरुवातीचा तडाखा, पोटातला धक्का आणि मागून येणारी घुमी. तुमचा बास ड्रम धक्क्यावर बसलाय आणि स्ट्रिंग्ज घुमीवर. उरतो फक्त तडाखा, तो एकटा फटाक्यासारखा लागतो.

गोळीच्या आधी ६ ते ८ फ्रेम संगीत पूर्ण तोडा. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात हा पाव ते एक तृतीयांश सेकंद होतो. प्रेक्षकाला ‘संगीत थांबलं’ असं जाणवत नाही, पण कान मोकळा होतो आणि पुढचा तडाखा दुप्पट भासतो. गोळीनंतर घुमी निदान एक सेकंद एकटी वाजू द्या, मग संगीत परत आणा, तेही खालच्या सुरांशिवाय.

लय आणि कट जुळवायला सोपा हिशेब आहे. मिनिटाच्या १४४० फ्रेमना लयीनं, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी भागा, म्हणजे एका ठोक्याला किती फ्रेम लागतात ते कळतं. १२० लयीला १२ फ्रेम, ९६ला १५, ९०ला १६. असा पूर्ण आकडा येणारी लय निवडली तर ठोके फ्रेमवर चपखल बसतात. १००ची लय घेतली तर १४.४ फ्रेम येतात आणि दर १४ फ्रेमनं कापत गेलात तर चार-पाच ठोक्यांत कट सरकल्यासारखा वाटतो. मात्र प्रत्येक गोळी ठोक्यावर बसवू नका, त्यानं कवायत होते. दर चार गोळ्यांत एकच ठोक्यावर घ्या, बाकीच्या मधे पडू द्या.

टपरीवरच्या रेडिओवर जुनं हिंदी गाणं दहा सेकंद वाजतं असा सीन आहे. थोडे सेकंद चालतात म्हणे. किती? (एक वाचक, ठाणे)

शून्य. आठ सेकंद, तीस सेकंद ही ऐकीव माहिती आहे, कायद्यात असा आकडा कुठेच नाही. चित्राबरोबर गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, म्हणजे बहुधा म्युझिक कंपनीची, आणि चाल-शब्दांचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची. कधी दोन्ही एकाच दारात मिळतात, पण गृहीत धरू नका.

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६०च्या रेकॉर्डचा हक्क २०२० संपताना संपला. यावर पुष्कळजण फसतात, कारण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं बांधलेलंच असतं. ‘मग आम्ही कव्हर करून घेतो’, म्हणजे तेच गाणं नव्यानं गाऊन घेतो, हाही मार्ग चालत नाही, कारण पाच वर्षांनंतर कव्हर काढायची कायद्यातली सवलत फक्त ध्वनिमुद्रणाला आहे, चित्रपटाला नाही.

तुकोबांचा अभंग घेतलात तर शब्द मोकळे आहेत, पण कुणा संगीतकारानं बांधलेली प्रसिद्ध चाल मोकळी नाही. स्वतःची चाल लावा. टपरीसाठी आमचा सल्ला: संगीतकाराकडून जुन्या ढंगाची ४० सेकंदांची ओळ करून घ्या, ती मोबाइलच्या स्पीकरवर वाजवून खोलीत माइकनं पुन्हा रेकॉर्ड करा. ३०० हर्ट्‌झच्या खालचं आणि ३५०० हर्ट्‌झच्या वरचं काढलं की टपरीचा रेडिओ तयार होतो. गीतकाराशी करार करताना मात्र ‘सगळे हक्क कायमचे निर्मात्याला’ एवढंच लिहून भागत नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा आहे आणि तो त्यांना तुमच्या नावे सोडता येत नाही. नव्या मुलांना हे ठाऊक नसतं. त्यांना सांगणं हे तुमचं काम आहे.

मिथुन चक्रवर्तींच्या उटीतल्या मारधाडपटांचं संगीत सगळं एकसारखं का वाटतं? (एक वाचक, नागपूर)

त्या काळात मिथुन उटीत राहायचे, त्यांचं हॉटेलही तिथेच होतं. युनिट तिथेच उतरायचं आणि झटपट शूटिंग करून खाली यायचं. ‘गुंडा’ (१९९८, दिग्दर्शक कांती शाह) आज तरुणांना तोंडपाठ आहे, त्याचं संगीत आनंद राज आनंद यांचं. अशा जलद कामात ताल ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर आणि बाकी सगळं एक-दोन कीबोर्डवर व्हायचं. कीबोर्डातले कारखान्यातून भरून आलेले आवाज सगळीकडे तेच, तलवारीसारखा चिरकणारा ब्रास आणि ‘आऽऽ’ करणारा कोरसही तोच. मारामारीचे आवाज साठ्यातल्या जुन्या टेपवरून यायचे. वादक मात्र पक्के होते. एका शिफ्टमध्ये नुसतं पडद्याकडे पाहत, काहीही लिहून न घेता, रीळच्या रीळ वाजवून द्यायचे. हे कसब आता दुर्मीळ झालंय आणि त्याची नोंद कुणी ठेवली नाही याचं आम्हाला वाईट वाटतं.

गाण्याशिवाय हिंदी गुन्हेपट चालतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

चालतो. ‘अर्धसत्य’ (१९८३) पाहा: श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्रे यांची कविता आणि अजित वर्मन यांचं मोजकं संगीत. त्यातली कविता गाण्याची जागा घेते, म्हणून गाण्याची उणीव भासत नाही. नाना पाटेकरांचा ‘अब तक छप्पन’ (२००४) सलीम-सुलेमान यांच्या पार्श्वसंगीतावर उभा आहे. अडचण प्रसिद्धीत येते, कारण गाणं नसेल तर प्रदर्शनाआधी लोकांच्या कानावर काहीच पडत नाही. ‘ब्लॅक फ्रायडे’नं मधला मार्ग काढला. इंडियन ओशन या बँडचं ‘बंदे’, शब्द पीयूष मिश्रांचे, चित्रपटाच्या आधी आणि चित्रपटाबाहेरही पोचलं, पण कुणी पात्र ते गात नाही.

आमच्या चित्रपटात विसर्जन मिरवणुकीत खून होतो. पथकाचा आवाज प्रत्यक्ष रेकॉर्ड केला, आता संवादही ऐकू येत नाहीत आणि प्रत्येक कटला ताल उडी मारतो. (एक वाचक, सांगली)

विसर्जनाची गर्दी मुंबईच्या गुन्हेपटाला किती साजते ते ‘सत्या’च्या शेवटी दिसलंच आहे, चौपाटीवरच्या त्या लोंढ्यात सत्या भाऊ ठाकुरदास या पुढाऱ्याला गाठतो. तुमची चूक अशी झाली की ढोल आणि संवाद एकाच टेकवर आले. ते आता वेगळे होणार नाहीत. या सीनचं डबिंग करा आणि पुढच्या वेळेसाठी ही रीत लक्षात ठेवा.

टेकच्या आधी पथकाला अर्धा मिनिट मनसोक्त वाजवू द्या, म्हणजे सगळ्यांच्या पायांत लय बसते. मग खूण करा: ढोलवाल्यांनी टिपरू कातड्याच्या चार बोटं अलीकडे थांबवायचं, ताशेवाल्यांनी काड्या हवेतच चालवायच्या. लय टिकावी म्हणून मोठ्या स्पीकरवर ४० हर्ट्‌झचा नुसता धक्का वाजवा. नाचणाऱ्यांना तो छातीत जाणवतो, आणि संवादातून ८० हर्ट्‌झच्या खालचं काढून टाकलं की त्याचा मागमूस राहत नाही. नट मात्र अशा शांततेत हळू बोलायला लागतात. त्यांना गळ्याच्या शिरा ताणून, कानाशी ओरडल्यासारखंच बोलायला लावा. हळू म्हटलेला संवाद नंतर ढोलावर चढवला की तो खोलीत बोलल्यासारखा उघडा पडतो.

शूटिंग संपल्यावर पथकाला घरी जाऊ देऊ नका. त्यांच्या म्होरक्याच्या कानात क्लिक (लयीची टिकटिक) द्या आणि त्याच लयीत दहा मिनिटं नुसतं वाजवून घ्या: एकदा ५ फुटांवरून, एकदा ५० फुटांवरून आणि एकदा इमारतीच्या कोपऱ्याआडून. हा साठा असला की कट कितीही करा, ताल सलग राहतो.

डबिंग झाल्यावर मिक्सिंगमध्ये पुढचा प्रश्न ताशाचा येतो. आपल्याला शब्द कळतात ते मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्‌झमधल्या व्यंजनांमुळे, आणि ताशाची कडकड नेमकी तिथेच बसते. ढोल तेवढा आड येत नाही. संवाद सुरू झाला की ताशाला त्या पट्ट्यात ४ ते ६ डेसिबल खाली घ्या. ढोल डाव्या-उजव्या आणि मागच्या स्पीकरांत सरकवा, मधला स्पीकर फक्त माणसांचा. आणि मारेकरी बळीच्या कानाशी वाकतो त्या क्षणी ताशा पूर्ण काढा, नुसता ढोल ठेवा. गर्दी तिथेच आहे, पण प्रेक्षक त्या दोघांच्या मधे येऊन उभा राहतो.

महोत्सवात आमचा चित्रपट दाखवला तेव्हा गाण्याचा सूर उतरलेला वाटला. संवादही दबले होते. (एक वाचक, पणजी)

सूर खरोखरच उतरला होता. तुम्ही २५ फ्रेमवर शूट केलं असणार आणि थिएटरची प्रत २४वर बनली. त्यानं चित्रपट चार टक्के संथ होतो, १२० मिनिटांचा १२५ मिनिटं चालतो आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वरानं खाली येतो. काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्या जरा वर जाऊन बसतं. प्रत बनवताना सूर कायम ठेवून वेग बदलायला सांगा, किंवा पुढचा चित्रपट पहिल्या दिवसापासून २४वर शूट करा.

संवाद दबले, कारण मिक्सिंग छोट्या खोलीत झालं. चित्रपटगृहाचं मिक्स त्या प्रमाणावर, म्हणजे पुढच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबलवर लावलेल्या मोठ्या खोलीतच व्हायला हवं. पुष्कळ थिएटरवाले तक्रारी टाळायला आवाजाची कळ ठरलेल्या ७ऐवजी ५वर ठेवतात. म्हणून शेवटच्या दिवशी अख्खा चित्रपट एकदा ५वर ऐका. ज्या ओळी हरवतील त्यांची यादी करा आणि त्या ओळींखालचं संगीत कमी करा, ओळी वाढवू नका.

ओटीटीसाठी वेगळं मिक्स लागतं. नेटफ्लिक्स संवादाच्या मापानं उणे २७ एलकेएफएस (आवाजाचा सरासरी जोर मोजायचं एकक) एवढी पातळी मागतं, दोन एकक वर-खाली चालतं, आणि शिखर उणे २च्या वर जाऊ देत नाही. थिएटरची फाइल तशीच पाठवली तर ती बहुधा परत येते. संगीताचे स्टेम, म्हणजे ताल, बास, स्ट्रिंग्ज आणि वरची ओळ, ४८ किलोहर्ट्‌झ २४ बिटच्या वेगवेगळ्या फाइलींत जपून ठेवा. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला, पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी, एका फ्रेमची पिप (छोटा बीप) असू द्या. नवं मिक्स करणाऱ्याला ती पिप जुळवली की सगळं जागेवर बसतं.